पाचव्या पट्ट्याचा आवाज

ओयामा गावचा कात्सुमाता तोकुजी वसाबी पिकवायचा, झऱ्याच्या पाण्यात वाढणारी, मोहरीसारखी नाकात चढणारी मुळी; शर्यतीत तो ज्या गाडीत बसे, तिच्या मागे लागणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, असं त्या खोऱ्यात सांगतात. एका वर्षी म्हणे पाठलाग करणाऱ्या तिघांना इतक्या शिंका आल्या की तिघंही एकाच वळणावर मातीत गेले, आणि पंचांनी कात्सुमाताला ‘कपडे धुऊन या’ अशी लेखी ताकीद दिली. ती ताकीद कुणी पाहिलेली नाही. पण शिंका ऐकलेले चार जण अजून हयात आहेत.

मोटारींच्या त्या लांब शर्यतींत चौघं मिळून एक गाडी तासन्‌तास आळीपाळीने पळवतात. चौघांत एक हौशी लागतो, पोटासाठी दुसरंच काही करणारा. इकेयाच्या गॅरेजच्या गाडीत तो मान एकोणीस वर्षं कात्सुमाताचा होता. आता तो चौसष्टचा. मोसम मार्चमध्ये सुरू व्हायचा होता, जूनमध्ये डोंगराखालच्या ट्रॅकवर चोवीस तासांची शर्यत होती. ती आणखी एकदा पळावी, याहून जास्त त्याने देवाकडेही मागितलं नव्हतं. चौघांची नावं सोमवारपर्यंत कळवायची होती.

पण चाळीस वर्षं झऱ्याच्या गार पाण्यात हात घालून घालून गेल्या ऑक्टोबरात त्याच्या बोटांची टोकं मेली. हे ठाऊक होतं फक्त बायकोला, फुसाएला. शर्टाची बटणं आता तीच लावत असे. स्टिअरिंग तळव्यांनी धरता येतं. पंचाईत सीटच्या पट्ट्यांची होती. गाडीतून उतरणाऱ्याने आत बसणाऱ्याचे पट्टे बांधायचे, ही तिथली कामाची रीत. पाच पट्ट्यांची टोकं एका बकलात जातात, आणि टोक बसलं की बोटाला बारीकसा धक्का कळतो. कात्सुमाताला तो कळेना. म्हणून तो कान द्यायचा. पाचदा ‘टक्’ आलं की झालं.

आदल्या दिवशी, फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी गॅरेजात सराव चालला होता. कात्सुमाता उतरायचा, चौघांतली सत्तावीस वर्षांची कानाए आत बसायची, इकेया घड्याळ धरायचा.

“एक्केचाळीस सेकंद,” इकेया म्हणाला. तो आणि कात्सुमाता शाळेत एका वर्गातले. “लेका तोकुजी, चपळ झालास की. फुसाएवहिनी जेवायला घालत नाही वाटतं?”

“घालते. तुझ्यासारखं दोनदा मागत नाही मी.”

“काका,” कानाए हेल्मेटातून म्हणाली, “तुम्ही वाकलात की माझ्या नाकात झिणझिण्या येतात.”

“फुकट मिळतंय, घे. टोकियोत बशीभर भाताबरोबर मोजून वाढतात.”

“आता खऱ्यासारखं करू,” इकेया म्हणाला. “कॉम्प्रेसर चालू करा. शर्यतीत काय देवळासारखी शांतता असते? आणि बांधून झालं की गाडी अंगणाच्या टोकाला जाऊन येईल.”

कॉम्प्रेसर धडधडू लागला. कात्सुमाताने एक पट्टा लावला, दुसरा, तिसरा, चौथा. कानाला काहीच येत नव्हतं. नजरेवर भिस्त ठेवली. डाव्या खांद्याचा पाचवा आत गेल्यासारखा दिसला. गेला की नाही? ‘थांब’ म्हणायला एक श्वास पुरला असता. घड्याळ पळत होतं. त्याने तिच्या हेल्मेटवर दोन थापा मारल्या: जा.

गाडी अंगणाच्या टोकाला गेली आणि कानाएने कचकन ब्रेक दाबला. परत आली ती हळू. कॉम्प्रेसर बंद झाला. डावा पट्टा कानाएच्या मांडीवर पडला होता, हनुवटीवर लाल वळ उठला होता.

“मीच सोडला,” ती घाईने म्हणाली. “खांद्याला रुतत होता.”

“सोडलास?” इकेयाचा आवाज चढला. “जूनमध्ये पण सोडशील?”

“चुकलं माझं.” ती उतरली आणि कमरेत वाकली. तो बोलतच राहिला, तशी पुन्हा वाकली.

थोरल्याची चूक धाकट्याने अंगावर घ्यायची आणि थोरल्याने ती घेऊ द्यायची, ही त्या खोऱ्यातली जुनी रीत. तिच्यावर कित्येक घरं उभी आहेत. फक्त गाडीला ती रीत ठाऊक नसते. कात्सुमाता हातमोजे काढत उभा राहिला.

दुपारी भाताचे गोळे खाऊन झाल्यावर इकेयाने नावांचा कागद काढला. “कानाए, वाईट वाटून घेऊ नकोस. पट्ट्याशी खेळणारं माणूस मला नको. तुझ्या जागी दुसरं कुणी बघतो.”

कानाएने मान खाली घातली.

“तिने सोडला नाही,” कात्सुमाता म्हणाला. “मी लावलाच नव्हता.”

“एखाद्या वेळी होतं रे.”

“आवाज आला नव्हता. तरी जा म्हणालो. बोटांना काही कळत नाही, इकेया. ऑक्टोबरपासून.”

इकेयाने चहाचा पेला खाली ठेवला. “आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर नाव काढलं असतंस.”

“काढलं असतं.”

“म्हणून.”

कात्सुमाता उठून गाडीकडे गेला. मागच्या काचेवर चौघांच्या नावांच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवलेल्या होत्या, सगळ्यांत वर त्याची. तो नखाने कोपरा शोधू लागला. कोपरा काही सापडेना. बराच वेळ तो काच खरवडत राहिला.

कानाए शेजारी येऊन उभी राहिली. तिने नखाने कोपरा उचलला, त्याच्या अंगठ्यात आणि बोटात धरून दिला, आणि मागे सरली. ओढली मात्र नाही. आपण काही धरलंय की नाही, हे कात्सुमाताला कळत नव्हतं. त्याने नीट बघून घेतलं, आणि ओढलं.

आत इकेयाने कागदावरची पहिली, हौशीची ओळ कोरी ठेवली आणि दुसऱ्या ओळीवर कानाएचं नाव लिहिलं.