तरवडाची मोळी

डोंगर घराच्या मागंच होता, पण लग्न होऊन या गावात आल्यापासून वनमाला एकदाही त्यावर चढली नव्हती. आता यात नवल ते काय? पावसाळा खुरपणीत जायचा, दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघायचं, आणि परत यावं तोवर उन्हाळ्यात तो काळा खडक तव्यासारखा तापलेला. वरच्या कड्याला लोखंडी कठडा झाला तेव्हापासून आष्टीची, नगरची पोरं मोटारसायकली काढून फोटोसाठी येत होती. आणि पायथ्याशी राहणाऱ्या बाईला वरून काय दिसतं ते ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी मात्र तिनंच विषय काढला. "अवो, जाऊन येऊ की वर. लोकं एवढी कशापायी येत्यात ते तरी बघू."

तिचा नवरा अंगद तिच्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं, बाईला हौस आली. हौस कसली डोंबलाची. तिला त्याच्याशी बोलायचं होतं, आणि घरात सासू, दारात शेजारणी, बोलणार कुठं? तिला यंदा ऊसतोडीला जायचं नव्हतं. मान पार धरली होती, डावीकडं वळतच नव्हती. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई नाही म्हणाली की गड्याचंही जाणं राहिलं. मुकादम युवराज संध्याकाळपर्यंत जबाब मागून बसला होता. म्हणजे जे काय सांगायचं ते आजच.

निम्म्या चढावर तरवडाच्या झुडपांनी वाट बुजवून टाकली होती. अंगदनं कोयता आणलाच होता, सीझनसाठी नवी धार लावलेला. तो पुढं झाला आणि वाकून बुंध्याशी घाव घालत निघाला. मागं वळून बघणं त्याच्या रीतीत नव्हतंच. उसाच्या फडात तो असाच तोडत पुढं जायचा, वनमाला मागून ऊस उचलायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची.

ती मागून चालत होती आणि मनात वाक्य जुळवत होती. 'माझ्याच्यानं होत न्हाई,' असं म्हणावं, की आधी मानेचं काढावं? चिडला तर? सासूला सांगितलं तर? एकदा वाटलं, आत्ताच बोलून टाकावं. पण पाठमोऱ्या माणसाशी काय बोलायचं? या विचारांत माथा कधी आला ते तिला कळलंच नाही.

वर चिटपाखरू नव्हतं. वारा तेवढा भन्नाट होता. अंगद कठड्याला टेकला आणि हात लांब करून दाखवू लागला.

"ती आष्टी. त्या अंगाला कडा गाव, कारखान्याचं धुराडं दिसतंय बघ. आन ह्ये खाली आपलं घर. दिसलं का?"

"बघते," ती म्हणाली.

"बघते काय, मुंडी वर कर की."

तो वळला आणि बोलायचा थांबला. वनमालाच्या डोक्यावर पदराची चुंबळ होती आणि चुंबळीवर तरवडाची मोळी. सालीनं आवळून बांधलेली, बुंधे एका बाजूला सारखे केलेली.

"ह्ये काय आणलंस?"

"काय?" म्हणत तिनं हात वर नेला, तेव्हा तिला कळलं. सरपण माणूस उतरताना गोळा करतं. डोंगर चढताना डोक्यावर मोळी घेणारी बाई या पंचक्रोशीत कुणी पाहिली नसेल.

अंगदला हसू फुटलं. "कुणी सांगितलं व्हतं तुला?"

"कुणीच न्हाई. तुमी तोडलं, मी उचललं." तिला हसू आलं नाही. मोळी तिनं खाली टाकली. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. "मी यंदा येणार न्हाई. लई थकले मी. मान वळत न्हाई माझी. डोक्यावर वझं आन म्होरं तुमची पाठ, इतकंच बघितलंय मी इतकी वर्सं."

"आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"कवा सांगू? तुमी कायम म्होरं असताय."

तो खालच्या नगरच्या रस्त्याकडं बघत राहिला. "आन खायचं काय?" त्यानं विचारलं.

"शेरडं हायती. गावात रोजगार मिळंल तो करू. कमी खाऊ."

अंगदनं फोन काढला. "युवराज, यंदा माझा कोयता धरू नको," तो म्हणाला. पलीकडून युवराज बराच वेळ बोलत राहिला. "न्हाई म्हणतो ना रं," म्हणून अंगदनं फोन ठेवला. चेहरा त्याचा उतरलेलाच होता.

वनमालानं मग कठड्याला धरून सगळं पाहिलं. डावीकडं मान जाईना, तेव्हा सगळं अंग वळवून पाहिलं. आपलं घर इतकं बारकं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

निघताना ती सवयीनं मोळीकडं वाकली. पण अंगदनं ती आधीच उचलून डोक्यावर घेतली होती.

"म्होरं हो," तो म्हणाला.

ती पुढं झाली. थोडं उतरल्यावर मागून त्याचा आवाज आला. "वने, जरा सांगत चल बाई. मला निस्तं पायाखालचंच दिसतंय."

"दगड हाय," ती म्हणाली, "डावीकडनं या."