अडतीस माना

"फिले, माना हलल्या की आधी वरच्या रस्त्याकडे बघायचं. बस जात असेल तर निवांत कॉफी पी. बस नसेल, तर घराचा विचार करायचा नाही. पहिल्यांदा खाली जाऊन लोरेनला बाहेर काढायचं."

सिरिल हुडाक हे खुर्चीत बसून सांगायचा, आणि एरवी सदा थट्टेत असलेला माणूस हे सांगताना हसायचा नाही. पिट्सबर्गच्या त्या उतारावर त्यांचं घर वर, लोरेन प्रुइटचं बरोबर खाली, आणि मधे उताराची माती अडवायला सिरिलने चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी रचलेली भिंत. ती फारशी पक्की नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने लोरेनच्या नवऱ्याला शब्द दिला होता, आणि दोन वर्षांपूर्वी जाताना तोच शब्द बायकोकडून, फिलोमिनाकडून, घेतला होता.

माना म्हणजे बाहुल्यांच्या. बेसबॉलच्या मैदानावर, बॉलपार्कमध्ये, ठरावीक दिवशी आधी येणाऱ्या हजारो लोकांना फुकट मिळणारे बॉबलहेड, मोठ्या डोक्याचे, मानेत स्प्रिंग असलेले आपल्या संघाचे खेळाडू. हौशी लोक ते खोक्यातून काढतसुद्धा नाहीत. सिरिल मात्र दारातून आत येता येताच खोकं फोडायचा. "मान हलत नाही तो बाहुला कसला," म्हणायचा. खिडकीलगतच्या लांब फळीवर असे सदतीस जमले होते.

गेले आठ-नऊ दिवस फिलोमिना सकाळची जपमाळ संपवून फळी पुसायला जायची, तेव्हा सगळे खेळाडू खोलीच्या भिंतीपासून दोन बोटं पुढे आलेले असायचे, उताराच्या बाजूला. ती एकेकाला मागे सारायची. काही वेळा तिच्यादेखत त्यांच्या माना हलू लागायच्या. "बस गेली असेल," ती स्वतःशी म्हणायची. हिवाळ्यापासून लांबचं ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे बसचा आवाज येणं न येणं सारखंच. स्वयंपाकघरातल्या खिडकीतून वरचा रस्ता दिसायचा. त्या खिडकीचा पडदा तिने या दिवसांत एकदाही सरकवला नव्हता. ऊन डोळ्यांवर येतं, असं ती मनाला सांगत असे.

कोपऱ्यावरच्या ग्रेस ऑंड्रिकच्या दारावर गेल्या वसंतात, मागचा उतार सरकला तेव्हा, पालिकेने घर धोकादायक ठरवणारा लाल कागद चिकटवला होता. घर सोडायला वीस मिनिटं दिली होती. ग्रेस कुत्रा आणि औषधांचा डबा घेऊन बाहेर पडली, ती आता ओहायोत मुलीच्या तळघरात राहते. फिलोमिनाला तर मुलगीही नव्हती.

रविवारी दुपारी लोरेनचा मुलगा डेस्मंड आला. सिरिल गेल्यापासून बाहुल्यांसाठी बॉलपार्कच्या रांगेत तोच उभा राहायचा.

"दार उघडा, मिस फिल. दोन तास उन्हात वाळलोय तुमच्या नवऱ्यापायी."

"तो असता तर तीन तास आधी गेला असता."

"त्यांची गोष्ट वेगळी. माझ्यापुढे एक बाई होती. नवरा, सासरा आणि झोपलेलं बाळ धरून चार घेऊन गेली. बाळाचंसुद्धा तिकीट काढलेलं." त्याने खोकं फोडून बाहुला वर धरला. "हा आपला कॅचर. नाक बघा. सख्खी आई ओळखणार नाही."

फिलोमिना हसली. तिने त्याच्यापुढे अक्रोडाच्या रोलचे दोन काप ठेवले. डेस्मंडने कॅचरला रांगेच्या टोकाला उभं केलं आणि खुर्चीत येऊन बसला. खाता खाता त्याचं लक्ष फळीकडे गेलं. सगळ्या माना हलत होत्या.

"बघा, सगळ्यांनी पसंत केला नव्याला."

"बस गेली असेल," ती घाईने म्हणाली.

"कुठली बस? वरचा रस्ता बंद होऊन दहा दिवस झाले. पाइप टाकताहेत. आज रविवार, तेही काम बंद." तोंड पुसून तो उठला. "माझ्या पावलांनी हललं असेल. आई म्हणते, तू चालतोस की घरात घोडा शिरलाय."

सांगायचं ते फिलोमिनाच्या ओठांवर आलं, आणि तिने दुसरंच विचारलं.

"लोरेन कशी आहे?"

"झोपलीय मागच्या खोलीत, तुमच्या भिंतीच्या गारव्याला. फोन करू नका, उचलायची नाही. संध्याकाळपासून तीन दिवस पाऊस आहे म्हणतात, तिचे सांधे कालपासूनच ओरडताहेत. मी इथूनच कामावर चाललोय. येतो, मिस फिल."

तो पायऱ्या चढून वर गेला, बंद रस्त्यापलीकडे लावलेल्या गाडीकडे. फिलोमिना टेबलाची कड धरून उभी राहिली. माना थांबल्या. तिने खिशातली जपमाळ काढली. "नमो मरिया, कृपापूर्णे..." तिसऱ्या मण्यावर कॅचरने मान हलवली. मग शेजारच्याने. मग सगळी रांग, अडतीसच्या अडतीस, हसऱ्या चेहऱ्यांनी हो हो म्हणत राहिली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि पडदा सरकवला. नारिंगी पिंपं, वाट अडवणारी आडवी फळी, रिकामा रस्ता. आकाश नदीच्या बाजूने काळवंडत आलं होतं.

ती फळीपाशी परत आली. हात आपोआप कॅचरच्या खांद्यावर गेला, मागे सारायला. आज मागे सारलं की आजही काही झालं नाही, असं होईल. उद्या सकाळी पालिकेला फोन करता येईल. एकच रात्र या घरात, सिरिलच्या खुर्चीसमोर. तेवढ्यात टेकलेल्या दुसऱ्या हाताच्या तळव्याखाली फळी थरथरली. बारीक, आत कुठेतरी, तापातल्या माणसाच्या अंगासारखी. तिने चटका बसावा तसा हात काढून घेतला.

खाली मागच्या खोलीत लोरेन झोपली होती, भिंतीच्या गारव्याला.

फिलोमिनाने कोट चढवला. बुटांच्या नाड्या बांधल्या. पालिकेला फोन लोरेनला बाहेर काढल्यावर करता येईल. लाल कागद लावायला ते येतील तेव्हा येतील. खुर्चीकडे तिने पाहिलं नाही. बाहुल्यांना मागे सारलं नाही.

उतारावरच्या लाकडी पायऱ्या सत्तावन्न होत्या, आणि गुडघ्यांनी त्या केव्हाच सोडल्या होत्या. तिने डाव्या हाताने कठडा धरला आणि पहिली पायरी उतरली. लोरेनला दाराची घंटा ऐकू येत नाही, खिडकीच्या काचेवर जोरात वाजवावं लागतं. म्हणून अंगठीचा उजवा हात तिने मोकळा ठेवला.