लक्ष्मीला गोरी करू नका

मी भिंतीवरचा फोटो बोलतोय. पोस्टकार्डापेक्षा थोडा रुंद, बस्स. माझ्या पोटात पाच बाया उभ्या आहेत आणि गेल्या एकोणचाळीस वर्षांत त्यांतली एकही खाली बसलेली नाही. त्यांना बसायला कोणी सांगितलंच नव्हतं.

माझा जन्म सुर्ल्याच्या एका खाणीवर झाला. साल शहाऐंशी. पणजीहून एक साहेब नव्या यंत्राचे फोटो काढायला आला होता. जेवणाची सुट्टी नुकती संपली होती, बाया कामाकडे चालल्या होत्या आणि नेमक्या यंत्राच्या आड आल्या. साहेब खेकसला, "बाजूला व्हा." त्यांतली एक थांबली आणि म्हणाली, "सायबानु, आमचो काढा. यंत्र खय पळता?" साहेब हसला, बटण दाबलं, झाला माझा जन्म. मग त्यानं मला खाणीवर पाठवून दिलं.

ती बोलणारी लक्ष्मी. मधली. दोडामार्गाकडून नवऱ्याबरोबर खाणीच्या कामाला आलेली. नवरा महादेव ट्रकवर, ही खनिजातले दगड वेचायला. बाकी चौघींच्या हातांत पाट्या, हिच्या काखेत ॲल्युमिनियमचा डबा. आणि पाचही जणी डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या. खाणीची धूळ ती! पदराला, हातांना, पापण्यांनासुद्धा. ओठ मिटून लक्ष्मी हसतेय आणि त्या धुळीतून तिचे डोळे तेवढे चमकतायत.

दुसऱ्याच वर्षी लक्ष्मी कावीळ होऊन गेली. मुलगी चंद्रावती सहा वर्षांची होती. लोक विचारतात, "तुला आई आठवते का गं?" चंद्रावती तोंडावर सांगते, "आई आठवणा नाय. फोटो आठवता." खोटं बोलायची तिला सवय नाही. तिच्या डोक्यात आईचं जे काही आहे, ते माझ्यातूनच गेलेलं आहे. म्हणजे मी बिघडलो तर तिची आई बिघडली. एवढं ओझं एका कागदावर!

चंद्रावती लग्न करून डिचोलीला आली तेव्हा मला घेऊन आली. पुढं महादेवही म्हातारपणी लेकीकडे आला. भिंतीवरून मी माणसांच्या तऱ्हा पाहिल्या. पाहुणे विचारतात, "ह्या कोण?" आणि उत्तर यायच्या आधी चहाकडे बघतात. माझ्या काचेत बघून लोक केस विंचरतात. दसऱ्याला माझ्यावरून फडकं फिरतं, बाकी वर्षभर मी आहे हे चंद्रावतीशिवाय कोणाच्या ध्यानातही नसतं. मी राग धरला नाही. भिंतीवर राहणाऱ्यानं राग धरून करायचं काय?

पण यंदा भाद्रपदात ओल भिंतीत शिरली आणि मी काचेला चिकटलो. कोपऱ्यातून पांढरी बुरशी चढली. दोघींचे पाय खाल्ले, मग वर सरकली. एके सकाळी चंद्रावती फुलं ठेवायला आली आणि बघते तर बुरशी लक्ष्मीच्या हनुवटीला टेकलेली. तिनं मला तिथल्या तिथं उतरवलं. टाचणीच्या टोकानं कडेकडेनं काचेवरून सोडवलं. शिवणाच्या धंद्यातली बाई ती!

शिवाय मला दुसरा रोग होताच. आम्हा रंगीत फोटोंचं म्हातारपण असं, की निळा आणि हिरवा आधी उडतो, तांबडा मागे राहतो. माझं आभाळसुद्धा तांबूस झालं होतं.

चंद्रावती मला घेऊन स्टुडिओवाल्या परेशकडे गेली. त्यानं मोबाइलमध्ये माझा फोटो घेतला, बोट दोनदा फिरवलं आणि मोबाइल तिच्यापुढे धरून खुशीत म्हणाला, "पळयात चंद्रावतीबाय, हिरोईन!"

मी बघितलं आणि घाबरलो. लक्ष्मी गोरीपान! गाल गुळगुळीत, ओठ गुलाबी. मिटलेले ओठ उघडून आत दातांची रांग बसवलेली.

"परेशबाब, हे दात कोणाचे?" चंद्रावतीनं विचारलं.

"ते ॲप आपसूक घालता."

"माझ्या आवशीक दात घालूक तुझो ॲप कोण? ती खाणीर होती, पडद्यार न्हय. काढ ते."

"काढपाक येना बाय, तसोच येता तो."

"मग तुझ्या बायलेचो काढ आणि तिका घाल," म्हणून तिनं मला पिशवीत टाकलं आणि ती पायऱ्या उतरली.

तिच्या शिवणाच्या दुकानाला लागून हर्षाचं झेरॉक्सचं दुकान आहे. दोघी एका वयाच्या, एकमेकींना टोचल्याशिवाय चहा न पिणाऱ्या. हर्षाकडे कॉम्प्युटर होता, स्कॅनर होता, पण तिनं त्यावर अर्ज आणि लग्नपत्रिकांच्या पलीकडे काही केलेलं नव्हतं.

"आपणच करूया," चंद्रावती म्हणाली.

"चवथी पास तू, आणि फोटो सारखो करतलंस?"

"तू बारावी पास होवन काय करतंस? झेरॉक्स."

असं ठरलं. दुपारी एक ते तीन डिचोलीची दुकानं मिटतात, तेवढा वेळ त्यांचा. हर्षानं मला स्कॅनरमध्ये पालथा घातला. उजेडाची एक पट्टी माझ्या अंगावरून सरकली आणि मी पडद्यावर उतरलो.

आता सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? नावं मला विचारू नका, पण माणसं कशाला भुलतात ते मी पाहिलं. पहिलं फार देखणं होतं, पण दर महिन्याला पैसे मागत होतं. पैसे थांबले की तेही थांबणार.

"दर महिन्याक?" चंद्रावती उसळली. "आवस काय भाड्यान घेतलंय? पुढचा काढ."

दुसरं म्हणालं, फुकट वापरून बघा. वापरलं. काम साठवायला गेल्या तर त्यानं पाचही बायांच्या अंगावरून स्वतःचं नाव आडवं छापलं, गुरांना डाग देतात तसं. तिसऱ्याला एक काम जमत होतं: सगळ्यांना गोरं करणं. परेशचाच भाऊ.

हर्षा कंटाळली. "तुका होया तरी काय, ता सांग!"

चंद्रावतीनं सांगितलं ते मला फार पटलं. ती म्हणाली, "मी ब्लाउज शिवतंय तेव्हा पयलो कापडाक हात लावणंय नाय. खाकी कागदार कापतंय. चुकला तर कागद चुकलो, कापड तसाच ऱ्हवता. असो खाकी कागद आसा त्या सॉफ्टवेअरात? आणि माका होया ताच बदलूक मिळाक होया. त्येच्या मनान काय करूक नको."

हर्षानं आपल्या भाच्याला फोन लावला. त्यानं एक सांगितलं, अगदी फुकट, कुठले कुठले लोक मिळून बनवतात म्हणे. दिसायला काही देखणं नाही. उघडलं तर चारी बाजूंनी बटणंच बटणं. हर्षा मागे सरली.

"शिलाय मशीन पयल्या दिसा अशीच दिसली माका," चंद्रावती म्हणाली. "बस."

आणि त्यात खाकी कागद होता! मूळ चित्र खाली तसंच ठेवून वर पारदर्शक थर घालायचा आणि जे करायचं ते त्या थरावर. चुकलं तर थर काढून टाकायचा. मी सुटकेचा पहिला श्वास तेव्हा घेतला.

बुरशी चंद्रावतीनं स्वतः काढली. माऊस धरायला एक दुपार गेली, शिव्याही गेल्या. पण शेजारचा चांगला तुकडा उचलून खराब जागेवर बसवायचा, हे तिला कोणी शिकवावं? जन्मभर रफू केलेली बाई. हनुवटीची बुरशी तिनं गालाच्या तुकड्यानं नाही झाकली. म्हणाली, वीण वेगळी दिसते. हनुवटीच्याच दुसऱ्या बाजूनं तीळ तीळ उचलत झाकली. चार दुपारी लागल्या.

मग हर्षा म्हणाली, "रंगाचा एका बटणात होता," आणि तिनं आपोआप रंग सुधारायचं बटण दाबलं. तांबडा सगळा धुवून गेला. झाडं हिरवी, आभाळ स्वच्छ, पाच जणी स्वच्छ. दोघींनी टाळ्या पिटल्या. मी ओरडत होतो, पण फोटोचं ऐकतो कोण? छापून चंद्रावती तो कागद बापाला दाखवायला घरी घेऊन गेली, मीही पिशवीत होतो.

महादेवनं कागद खिडकीकडे, उजेडात नेला. "बरो आसा. ही मदली कोण?"

"बाबा! आई ती."

"लक्ष्मी? न्हय गो. ही खयतरी हळदीकुंकवाक चाललेली बाय."

"नाक बघा, कपाळ बघा. सगळा तिचाच."

"नाक तिचाच. पण लक्ष्मी तांबडी होती."

"फोटो तांबडो झालो बाबा, जुनो होवन."

"फोटो मागीर झालो आसतलो. लक्ष्मी पयलीच होती." म्हातारा चिडला. त्यानं मला पिशवीतून काढून घेतलं आणि माझ्यावर बोट ठेवलं. "हो फोटो इलो तेव्हा ती माझ्याकडे भांडलेली. तोंड धुवन काढूक होयो होतो, म्हणाली. पण धुतलेला तोंड मी खय बघलंय? काळोखात उठान जायची, काळोखात येयची. धुतलेला तोंड चिमणीच्या उजेडातला. दिसाउजेडी बघलंय ता ह्या. तांबडा."

चंद्रावतीनं छापलेला कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे मी जल्मभर भलत्याच बायेक हार घालूक निघाललंय."

दुसऱ्या दिवशी हर्षा म्हणाली, "मग आदलोच ठेव, तांबडो."

"आदलोय खोटो. आभाळ खय तांबडा आसता? थोडो तांबडो खाणीचो, थोडो म्हातारपणाचो. कितको कोणाचो, ता कोण सांगतलो?"

कोणालाच सांगता येईना. हर्षानं रंग कमी केला, जास्त केला. लक्ष्मी कधी आजारी दिसे, कधी शेंदूर फासल्यासारखी. घड्याळात तीन वाजले. दुकान उघडलं तर एक गिऱ्हाईक उभं, साडीला जुळता दोरा हवा म्हणून. चंद्रावतीनं साडी उचलून सवयीनं दाराबाहेर उन्हात नेली आणि शेजारी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ धरलं. दुकानाचा दिवा रंगाबाबत खोटं बोलतो. पांढरं पांढरं दिसलं म्हणजे बाकीच्या रंगांवर भरवसा ठेवायचा. हे तिचं रोजचं काम. पण त्या दिवशी तिनं साडी गिऱ्हाइकाच्या हातात कोंबली आणि ती हर्षाच्या दुकानात धावली.

"हर्षा! ह्या फोटोत असा काय आसा, ज्येचो रंग माका डोळे मिटून म्हायत आसा?"

"साड्यो?"

"साड्यो मी बघललंय नाय."

दोघींनी माझा कोपरा न् कोपरा धुंडाळला. मग चंद्रावतीनं पडद्यावर बोट आपटलं. "डबो! जेवणाची सुट्टी झालेली, बाबा सांगत. डबो नळार धुवन आणललो. त्येच्यार धूळ नाय. तो डब्यासारखो दिसाक होयो."

हर्षानं शोधलं तर त्या सॉफ्टवेअरात तशीच सोय होती. रंग टिपायची एक खूण, ती नेऊन राखाडी जागेवर ठेवायची आणि सांगायचं, हा राखाडी धर, बाकीचं त्यावरून लाव. हर्षानं ती लक्ष्मीच्या काखेतल्या डब्यावर ठेवली आणि बटण दाबलं.

डबा ॲल्युमिनियमचा झाला. आभाळ ढगाळ, पांढुरकं झालं. मागचं झाड हिरवं झालं आणि त्याची खालची पानं धुळीनं माखलेली दिसू लागली. आणि लक्ष्मी तांबडीच राहिली! पण आता तो तांबडा माझ्या म्हातारपणाचा नव्हता. सुर्ल्याच्या मातीचा होता. आणि तिच्या डोळ्यांतलं पांढरं लख्ख पांढरं दिसलं.

हर्षा म्हणाली, "गो, ही तुझ्यासारखी दिसता. आता भांडतली असा वाटता."

चंद्रावतीनं पदर डोळ्यांना लावला आणि मग ओरडली, "छाप! बघतंस काय?"

महादेवला दाखवलं. ह्या वेळी त्यानं "ही कोण" असं विचारलं नाही. डावीकडच्या बाईवर बोट ठेवून म्हणाला, "ही सत्यभामा, शिरगावची. पाटी सगळ्यांत मोठी हिची. ही तिची जाव. ही कडेची मैना, गाव तिका मुकी म्हणायचा, पण लक्ष्मीकडे बोलायची..." एकेकीचं नाव तो सांगत गेला. चंद्रावती ब्लाउजांच्या मापांची वही ओढून लिहीत गेली. जन्मभर ती एकीलाच बघत होती. बाकीच्या चौघी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या घरात आल्या.

तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी काचेमागे असेल तर आजच उतरवा. चिकटायच्या आधी. सॉफ्टवेअर महागाचं नको, फुकटाचं चालतं. मूळ चित्राला धक्का न लावणारं तेवढं बघा. पण रंग लावायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते आहेत तोवर. आणि कष्टानं काळी-तांबडी झालेली तुमची माणसं धुवून गोरी करू नका. त्यांनी तुमच्याकडे साबण मागितलेला नाही.

भिंतीवर आता नवा आहे. मोठा, तरणा, ताठ. त्याच्यामागे नावं लिहून चिकटवली आहेत. मी खाकी पाकिटात, कपाटात, चंद्रावतीच्या साड्यांमध्ये. इथं कोरडं आहे, काळोख आहे. एकोणचाळीस वर्षं मी लक्ष्मीला घट्ट धरून होतो. वाटायचं, माझी पकड सुटली की ती गेली. आता हात दुखेपर्यंत धरायला नको. निळा गेला, हिरवा गेला, उद्या तांबडाही जाईल. जाऊ दे. आता मी निवांत पुसट होईन.