पुलाच्या अलीकडे

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी थकलो आहे. व्हिडिओ गेमचा जुना रिमोट म्हटलं की तुम्हाला वाटेल, हा मजेत खेळत आयुष्य काढलेला प्राणी. खेळली माणसं. मी दाबून घेतलं. डावीकडे चार दिशांचे चार बाण, उजवीकडे दोन लाल बटणं आणि पाठीतून निघालेली एक वायर, एवढाच माझा संसार. त्यातला उजव्या दिशेचा बाण पार खिळखिळा झाला आहे. तो तसा का झाला, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. आम्ही जुळे. दोघांच्याही वायरी एकाच मशीनच्या पोटात पक्क्या जोडलेल्या, त्यामुळे सुटका कोणालाच नाही. पण एकट्याने खेळायचा खेळ असेल तर मशीन फक्त पहिल्या रिमोटचं ऐकतं, आणि पहिला मी. माझा भाऊ आजही नव्या नवरदेवासारखा चकचकीत आहे. त्याची आठवण झाली की माझा जीव जळतो. कारखान्यातल्या एका बाईने माझी सगळी बटणं दाबून पाहिली आणि म्हणाली, "चांगला आहे हा." पुढे कित्येक वर्षं माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

आणखी एक लक्षात ठेवा. मला डोळे नाहीत. पडद्यावर काय चाललं आहे ते मी कधीही पाहिलेलं नाही. मला कळतात बोटं, आणि कानावर पडतं ते बोलणं.

मी गेलो ते घर बर्फाच्या गावातलं होतं. पुढे फुमिएची लाँड्री आणि मागे राहायची खोली. फुमिएचा नवरा सेइजी हिवाळाभर रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवायचा. मुलगी चिझुरू, वय वर्षं दहा. वाढदिवसाला त्याने तिला मशीन आणि 'सात घंटा' नावाच्या खेळाची कॅसेट आणून दिली आणि बरोबर नियमही दिला. रोज एक तास, त्यावर एक मिनिट नाही.

खेळ असा होता. राज्यातल्या सात घंटा चोरीला गेल्या आहेत, त्या शोधत एका योद्ध्याने गावोगाव हिंडायचं. चिझुरूने आपल्या योद्धा मुलीचं नाव 'चिझु' ठेवलं. पण चिझु अगदीच लेचीपेची. गावाबाहेर पाऊल टाकलं की मार खाऊन परत. आधी छोट्या छोट्या राक्षसांना मारून ताकद वाढवायला हवी, आणि त्यातच पोरीचा तास संपायचा. गोष्ट काही पुढे सरकेना. शेवटी तिने डोकं चालवलं.

"आई, तू दुपारी नुसती बसलेली असतेस ना?"

"नुसती? आणि एवढ्या शर्टांना इस्त्री कोण करतं? मांजर?"

"तसं नाही गं. मधे मधे, गिऱ्हाईक नसताना. तू फक्त चिझुला गावाबाहेर फिरवायचं. राक्षस आला की हे लाल बटण दाब. तिची ताकद वाढव. मी शाळेतून आले की गोष्ट मी पुढे नेईन."

"म्हणजे राबायचं मी आणि पराक्रम गाजवायचा तू."

"हो," चिझुरू म्हणाली. तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्या गावात घरोघरी आया हेच करत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुमिएने कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबदार गोधडीत पाय सरकवले आणि मला पहिल्यांदा हातात घेतलं. इस्त्रीने तापलेली बोटं, त्यांना कांजीचा वास. उंदीर पकडल्यासारखं तिने मला धरलं होतं. पहिलाच राक्षस आला तो टोपी घातलेला बेडूक, आणि तिचा अंगठा बटणावर अडूनच बसला.

"अगं बाई, हा तर काहीच करत नाहीये. वाटेने चाललाय बिचारा."

मग बेडकाने चिझुला लाथ घातली असावी. कारण पुढच्याच क्षणी माझं लाल बटण असं दणादण दाबलं गेलं की माझ्या पोटातलं रबर कळवळलं.

दुकानाच्या दाराची घंटा वाजली. शेजारची ओकामोतो आजी आत डोकावली.

"फुमिए, कुणाला मारतेस एवढी?"

"टोपीवाल्या बेडकाला."

"त्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"माझ्या पोरीला लाथ मारली मेल्याने!"

तिथून माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. फुमिए इस्त्री खाली ठेवायची आणि मला उचलायची. संत्र्याच्या सालीचा चिकटा, कांजीची पूड, तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा चुरा, सगळं माझ्या फटींत. पण बाई शिकली मात्र झपाट्याने. संध्याकाळी चिझुरू खेळायला बसली की ही भाजी चिरता चिरता उपदेश करायची. "आधी तलवार घेऊ नको, औषधाचा पाला घे. विहिरीवरच्या म्हातारीशी दोनदा बोल, पहिल्यांदा ती नुसतं हवापाणी सांगते. आणि लागलं असेल तर सरळ धर्मशाळेत जाऊन झोप. उगाच मर्दुमकी नको." मशीन बंद करताना आधी रीसेट दाबून धरायचं आणि मगच वीज तोडायची, नाहीतर कॅसेटमधली सगळी मेहनत पुसली जाते. हे तर ती देवापुढचा दिवा मालवावा इतकं जपून करायची.

आणि मग तिच्याकडून ती चूक झाली.

चिझुरूने चिझुला पहिल्या पुलाजवळ उभं करून ठेवलं होतं. बजावलं होतं, पूल ओलांडायचा नाही. पुलाजवळ फेऱ्या मारता मारता फुमिएचा अंगठा माझ्या उजव्या बाणावर जरा जास्त वेळ राहिला. संगीत बदललं. तिने श्वास रोखल्याचं मला हातातून कळलं. अंगठा उचलायला हवा होता, तिने उचलला नाही.

चिझुरू शाळेतून आली, बुटांवरचं बर्फ झटकतच होती, तोच आई ओरडली, "अगं, पुलापलीकडे समुद्र आहे! आणि एक होडीवाला आहे, तो—"

पोरगी दारातच थांबली.

"तू गेलीस?"

"एकच पाऊल टाकलं गं. संगीत इतकं छान लागलं, म्हणून..."

"मला बघायचं होतं. मला!" चिझुरू रडायला लागली. "पहिल्यांदा बघणं एकदाच असतं, आई. ते तू खाल्लंस."

फुमिएने एक संत्रं सोलून लेकीपुढे ठेवलं आणि स्वतःची करंगळी पुढे केली. "चुकलं माझं. पुन्हा नाही. जिथे तू गेली नाहीस, तिथे मी पाय ठेवणार नाही." करंगळीत करंगळी अडकली, म्हणजे वचन पक्कं. मी गोधडीवर पडलेला होतो, मी साक्षीदार.

तो शब्द तिने पाळला. दोन हिवाळे मायलेकी तसंच खेळल्या. लेक पुढे जायची, नवा मुलूख बघायची आणि मागून आई तिथे फेऱ्या मारायची. सहा घंटा मिळाल्या. सातवी शेवटच्या पुलापलीकडे. पूल उजव्या हाताला होता.

"चिझु अजून कच्ची आहे," चिझुरू म्हणाली. "तू तिला मजबूत कर. मग मी जाते."

फुमिए कामाला लागली. डावीकडे चार पावलं, उजवीकडे चार पावलं, राक्षस आला की लाल बटण. दरम्यान चिझुरू माध्यमिक शाळेत गेली. क्लास सुरू झाले. "आज नको आई, उद्या." मग, "परीक्षा झाली की." मग तिने उत्तर देणंच सोडलं. पुढे ती शिकायला तोक्योला गेली आणि नोकरी लागून तिथेच राहिली.

फुमिएने मात्र फेऱ्या थांबवल्या नाहीत.

"पोरगी गेली तोक्योला, आणि तू अजून तिच्या बाहुलीला हिंडवतेस?" ओकामोतो आजी हसायची.

"ती येईल तेव्हा चिझु कमजोर नको दिसायला."

"आणि नाहीच आली तर?"

"तुमचा कोट उद्या मिळेल, आजी," फुमिए म्हणाली.

एके दुपारी चिझुची ताकद नव्व्याण्णववर पोचली. त्यापुढे आकडाच नव्हता. आता कितीही राक्षस मारा, काही वाढत नाही. मला वाटलं, सुटलो. पण बाई तरीही अधूनमधून मला उचलायची. "जरा फिरवून आणते हं," असं स्वतःशीच म्हणायची आणि डावीकडे चार पावलं, उजवीकडे चार. पुलाच्या तोंडाशी येऊन वळायची. मित्रांनो, मला खरंच राग यायचा. एक पाऊल टाक की! तुझ्या अंगठ्याखाली मीच आहे, मी कुणाला सांगणार आहे?

एका नववर्षाला लेक दोन दिवस घरी आली होती. फुमिए हळूच म्हणाली, "तो खेळ..."

"कुठला खेळ?" चिझुरूने मोबाइलची बटणं टकटक दाबत विचारलं.

"काही नाही. संत्रं घे."

मग फुमिएचे अंगठे आखडायला लागले. तिने मला मशीनसकट बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवलं. डब्यात काळोख, शेजारी माझा टवटवीत भाऊ. किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. थकलेल्याला झोप गोड लागायला हवी होती, पण लागली नाही. आपली आठवण कुणालाच नाही, या विचाराने आतलं रबरसुद्धा सुकतं.

डबा उघडला तो थेट लाँड्री बंद होताना. फुमिएला इस्त्री उचलवेनाशी झाली होती. सेइजी आणि ती शहरात लहान घरात राहायला निघाले होते, आणि सामान आवरायला चिझुरू आली होती. तिची बोटं आता मोठ्या बाईची होती. तिने मला उचललं आणि माझ्याखाली कचऱ्याची पिशवी सळसळली.

"आई, हे टाकायचं ना?"

"ते राहू दे."

"अगं, कोण खेळणार आता?"

"तू अजून पूल ओलांडला नाहीस."

"कुठला पूल?"

फुमिएने मला पिशवीवरून ओढून घेतलं आणि टीव्हीजवळ नेलं. चिझुरूने वायरी जोडल्या. "कॅसेटमधली बॅटरी केव्हाच मेली असणार," ती म्हणाली. "जास्त आशा ठेवू नकोस." बटण दाबलं. जुनं संगीत खोलीत घुमलं.

"नव्व्याण्णव?" चिझुरूचा आवाज बारीक झाला. "आई, हे कधी केलंस?"

"गिऱ्हाईक नसताना."

"आणि पलीकडे काय आहे?"

"मला काय माहीत? मी गेले नाही. तू म्हणाली होतीस ना."

चिझुरूने मला इतकं घट्ट धरलं की माझं कवच करकरलं. तिची बोटं गार पडली होती.

"आई, मी तुला एक सांगितलंच नाही. पलीकडे काय आहे ते मी बघितलंय. आठवीत असताना, मैत्रिणीच्या घरी. तिच्या मशीनवर शेवटपर्यंत बघितलं. म्हणून मग आपला खेळ नकोसा झाला. तुला सांगायला हवं होतं. मी विसरूनच गेले." ती रडत होती. "तू इतकी वर्षं इथे फेऱ्या मारत राहिलीस..."

मला वाटलं, आता फुमिए चिडेल. चिडायलाच हवं होतं. माझ्या खिळखिळ्या बाणाची शपथ, मी तरी चिडलो होतो.

फुमिएने विचारलं, "म्हणजे तुझं बघून झालंय?"

"हो."

"मग आता मी गेले तर चालेल?"

चिझुरूने मला आईच्या हातात दिलं. फुमिएने आखडलेला अंगठा माझ्या उजव्या बाणावर ठेवला आणि दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. चिझु जागची हलेना. इतक्या वर्षांच्या फेऱ्यांनी बाणाखालचं रबर झिजलं होतं, वर संत्र्याचा जुना चिकटा. मित्रांनो, त्या क्षणी मला जी लाज वाटली ती शब्दांत सांगता येणार नाही. आयुष्यभर नको तेव्हा चाललो आणि हवं तेव्हा अडून बसलो. शेजारी भाऊ ठणठणीत होता, पण खेळ त्याचं ऐकत नाही.

"थांब," चिझुरू म्हणाली. तिने स्क्रू ड्रायव्हर आणला आणि मला उघडलं. पहिल्यांदाच माझ्या पोटात वारा शिरला. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने तिने एकेक रबर पुसलं, चुरा झटकला, उजवीकडचं झिजलेलं रबर उलटं फिरवून बसवलं. मला कुणी इतक्या हळुवारपणे हाताळल्याचं आठवत नाही. एवढं तिने वीस वर्षांपूर्वी केलं असतं तर, असं मनात आलं, पण जाऊ द्या.

फुमिएने पुन्हा अंगठा ठेवला. चिझु हलली.

"आई, पलीकडे गेल्यावर आधी डावीकडे वळ, तिथे एक—"

"गप्प बस," फुमिए म्हणाली. "पहिल्यांदा बघणं एकदाच असतं."

अंगठा बाणावर दाबला गेला आणि दाबलेलाच राहिला. मी जीव गोळा करून तो दाब सांभाळला. संगीत बदललं. फुमिएचा अंगठा सैल होऊन माझ्यावर तसाच विसावला, आणि खूप वेळ कुणीही कुठलंच बटण दाबलं नाही.

मित्रांनो, थकल्या जिवाचं एवढं ऐका. खेळून झालं की आम्हाला पुसून ठेवा, हरलात म्हणून आपटू नका, वायर धरून ओढू नका. आणि तुमच्यासाठी घरात कुणी पुलाच्या अलीकडे फेऱ्या मारत असेल, तर तुमचं बघून झाल्यावर त्याला तसं सांगा. ते माणूस आपणहून विचारणार नाही.

शेवटच्या पुलापलीकडे काय होतं, ते मात्र मला विचारू नका. मला डोळे नाहीत. आणि असते, तरी सांगितलं नसतं.