उताराची बाजू

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी पाचर आहे आणि मला माणसं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी तोंड वाकडं करायला नको. कुणाचं काम बिघडवलं की तुम्ही म्हणता, त्याने पाचर मारली. वा रे न्याय! मी जन्मभर तुमच्या गाड्या अडवून धरल्या आणि नाव खराब झालं ते माझंच.

मी एका मोडीत काढलेल्या दाराच्या चौकटीतून निघाले. मला घडवलं एका म्हाताऱ्या सुताराने. त्याच्या दोन मुलांनी मिळून एक मोटरहोम घेतली होती, म्हणजे जिच्या पोटात बिछाना, ओटा, संडास सगळं आहे अशी लांबलचक गाडी. तिच्या चाकाला मुलांनी दगड लावलेला पाहून सुतार भडकला. त्याने दगड लाथेने उडवला आणि करवत काढली. माझी एक बाजू उतरती केली, तळाला जुन्या टायरचा रबरी तुकडा ठोकला आणि माझ्यासारखीच एक जुळी बहीणही केली. उतारावर चाकाला टेकून बसायचं आणि गाडी सुटू लागलीच तर तिला अडवायचं, एवढंच आमचं काम.

पहिली काही वर्षं आमचं कौतुक झालं. पाहुण्यांना आम्हाला दाखवलं जाई. मग कौतुक आटलं. माझ्यावर ठेवून बदाम फोडले, मला हातोडी करून तंबूच्या खुंट्या ठोकल्या, मला दारात अडकवलं. सगळं कौतुक गेलं त्या पाणसळीकडे. मित्रांनो, पाणसळ म्हणजे काचेची एक नळी. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की गाडी समतल झाली असं समजायचं. सगळे तिच्या बुडबुड्याकडे डोळे लावून बसतात. माझ्याकडे बघायचं तर वाकावं लागतं, आणि वाकायला यांची कंबर दुखते.

त्यात दोघा भावांचं बिनसलं. म्हणे आरसा कोणी फोडला यावरून. गाडी विकायला दोघंही तयार नव्हते, म्हणून त्यांनी तिची वाटणी केली. दारापासून पुढचं सगळं थोरल्याचं. इंजिन, पुढची चाकं आणि आम्ही दोघी बहिणी त्याच्या वाट्याला. मागची चाकं, जॅक आणि पाण्याची टाकी धाकट्याची. एकाने दुसऱ्याच्या अर्ध्या भागात पाऊल टाकायचं नाही आणि एकमेकांशी बोलायचंही नाही. बोलणं पोहोचवायला मधे थोरल्याची बायको. असले शहाणे मी दुसरे पाहिले नाहीत.

त्या वर्षी ते तळ्याकाठच्या एका कॅम्पसाइटवर आले. सुताराच्या कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. तो मागच्या बिछान्यावर पडून होता आणि डॉक्टरांनी त्याला अगदी सपाट झोपायला सांगितलं होतं. जमीन तळ्याकडे उतरत होती. थोरला एरवी गाडीचं तोंड उताराकडे करून लावतो. पण त्या दिवशी वडिलांना मागच्या खिडकीतून पाणी दिसावं म्हणून त्याने गाडी उलटी लावली. मागची बाजू तळ्याकडे गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं खाली, पाय वर झाले.

थोरल्याने हँडब्रेक ओढला, खाली उतरला आणि सवयीने आम्हा दोघींना पुढच्या चाकांच्या पुढे सारलं. पुढे! गाडी सुटली असती तर मागे गेली असती. मी चढाच्या बाजूला बसून होते, शोभेची वस्तू. मला तोंड असतं तर त्याला चार शब्द चांगले सुनावले असते.

मागे धाकट्याने दोन्ही बाजूंना जॅक लावले. मागची चाकं उचलून त्यांच्याखाली फळ्या सारायच्या, हा त्याचा बेत. आता नीट ऐका. त्या गाडीचा हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. ती उचलली की ब्रेक असून नसल्यासारखा. मग सगळा भार आमच्यावर.

"वहिनी, दादाला विचार, पाचरी लावल्यात का?"

"अहो, पाचरी लावल्यात का?"

"लावल्यात म्हणावं. मागच्यांनी मागचं बघावं!"

आतून म्हातारा ओरडला, "कुठल्या बाजूला लावल्यात रे?"

"आहेत हो जागेवर, अप्पा. तुम्ही पडून राहा," थोरला म्हणाला.

धाकट्याने दोन पावलं पुढे येऊन पाहिलं असतं तर सगळं कळलं असतं. पण पुढचा भाग थोरल्याचा ना! तो आला नाही. त्याने आलटून पालटून दोन्ही जॅक चढवले. चाकं जमिनीवरून सुटली. तो आडवा झाला, एका हाताने फळी चाकाखाली सारू लागला, आणि जॅक हळूहळू तळ्याकडे कलू लागले.

ते वहिनीने पाहिलं. "भावजी, हात काढा!" ती किंचाळली. "अहो, पाचर मागे लावा, मागे!"

थोरल्याने मला उचललं आणि पुढच्या चाकामागे कोंबलं. चाक माझ्यावर चढलं. मित्रांनो, तो भार मी कधी विसरणार नाही. मी मधोमध चिरले, पण सरकले नाही. गाडी थांबली. धाकट्याने हात ओढून घेतला. बोटांची सालं निघाली होती, पण हात शाबूत होता. मग त्याने जॅक खाली घेतले.

तुम्हाला वाटेल, आता माझे आभार मानले असतील. छे! थोरला मला उलटीपालटी करत म्हणाला, "लाकूडच कुजकं निघालं."

"हो रे दादा, कुजकंच," धाकटा म्हणाला.

इतक्या वर्षांनी दोघं भाऊ एकमेकांशी बोलले, ते मला नावं ठेवायला.

"आणा ती इकडे," आतून म्हातारा म्हणाला. त्याने माझ्या चिरेवरून अंगठा फिरवला. "हे कुजकं नाही. ताजं फुटलंय. मी आडवा पडलोय म्हणून खोटं बोलता? आधी दोघं जाऊन उताराची बाजू कुठली ते बघून या. एकत्र जा."

दोघं गेले. परत येऊन त्यांनी मला तार गुंडाळली आणि आम्हा दोघी बहिणींना नव्याने लावलं. या खेपेला चाकांच्या मागे, तळ्याच्या बाजूला. जॅक पुन्हा चढवण्यापूर्वी धाकटा पुढे आला, गुडघे टेकून बसला आणि त्याने मला हात लावून पाहिलं.

"बघ, बघ," थोरला बाजूला सरकत म्हणाला. "माझ्यावर विसंबू नकोस."

मी त्यांना माफ केलेलं नाही. तुमच्यावरही माझा फारसा भरवसा नाही. तुम्ही भांडा, अबोला धरा, गाडीच काय, घराचे दोन तुकडे करा. मला त्याचं काही नाही. फक्त गाडी उचलण्याआधी स्वतः वाका आणि मी उताराच्या बाजूला आहे का ते पाहा. कारण चाकाखाली जाणारा हात दर वेळी तुमच्या भावाचाच असतो.