लांडगा म्हणून मिरवलेली शेळी

मी एक जुनी केसाळ घोंगडी आहे, मित्रांनो. लोकरीची नव्हे, कातड्याची. एका अंगाला राखाडी राठ केस, दुसऱ्या अंगाला लाल जाड अस्तर. तुम्ही मला पाहिलेलं आहे, नाही म्हणू नका. त्या प्रेमकथांची पुस्तकं असतात ना, ज्यांच्या मुखपृष्ठावर उघड्या छातीचा एक तरुण उभा असतो, मागे वाटोळा चंद्र आणि त्याच्या खांद्यावर लांडग्याचं कातडं? ते कातडं म्हणजे मी.

आणि मी लांडगा नाही. शेळी आहे. हे आजवर मला कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर भागात, मोठ्या सरोवराच्या काठी माझा जन्म झाला. गुड्रूनबाईंच्या नवऱ्याने स्वतःच्या शेळ्यांची कातडी कमावून घेतली, त्यांना राखाडी रंग दिला आणि बाईंनी मागून अस्तर शिवलं. त्या काळी हिवाळ्यात लोक बर्फावरून घोड्याने ओढायच्या बिनचाकी घसरगाडीतून चर्चला जात. गाडीत नवरा-बायको शेजारी बसत आणि मी दोघांच्या गुडघ्यांवर पसरत असे. चार गुडघे झाकायचे, एवढंच माझं काम. पण त्या थंडीत ते काम लहान नव्हतं. नवरा-बायको भांडून घरातून निघाले तरी माझ्याखाली त्यांना एकमेकांना चिकटून बसावंच लागे. गावात पोचेपर्यंत निम्मं भांडण विझलेलं असे.

गुड्रूनबाई मला फार जपत. उन्हाळा लागला की दोरीवर टाकून काठीने झोडपत, ऊन देत, मग देवदाराच्या ढलप्या घालून पेटीत ठेवत. त्या म्हणायच्या, घोंगडी आणि नवरा, दोघांनाही वर्षातून एकदा उन्हात घालावं, नाहीतर कसर लागते. त्यांचा नवरा हे ऐकून हसायचा आणि मुकाट्याने अंगणात जाऊन बसायचा.

पुढे मोटारी आल्या. मोटारीत ऊब आतूनच येऊ लागली. मी माळ्यावर गेले. गुड्रूनबाई गेल्या, त्यांची मुलं शहरात गेली आणि मी चर्चच्या जुन्यापान्या सामानाच्या विक्रीत एका फुटक्या आरशाशेजारी येऊन पडले. तिथून मला आर्डिसने उचललं.

आर्डिस म्हणजे गावातल्या फोटोग्राफरची थोरली बहीण. फोटोग्राफरचं नाव लायल. कॅमेरा त्याच्या हातात असला तरी दुकान चालायचं आर्डिसच्या जिभेवर. शाळेतल्या मुलांचे आणि लग्नांचे फोटो काढून दोघांचं बरं चाललं होतं. मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि दुकानात माश्या बसू लागल्या. तेव्हा लायलने हा नवा धंदा शोधून काढला. लांडगामाणसं, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारे पुरुष, आणि रक्तपिशाच्चं यांच्या प्रेमकथा लिहिणाऱ्या बायका देशभर पसरल्या होत्या आणि प्रत्येकीला मुखपृष्ठ हवं होतं.

तेव्हापासून माझ्या नशिबी हे आलं. केस बाहेर काढून खांद्यावर टाकली की मी लांडगा. उलटी करून लाल अस्तर बाहेर काढलं की मी रक्तपिशाच्चाचा झगा. सकाळी लांडगा, दुपारी पिशाच्च, आणि मध्ये जेवणाच्या सुट्टीत रिक माझ्यावर बसून सँडविच खायचा. हा रिक दुधाची गाडी चालवायचा. छाती चमकावी म्हणून तो स्वयंपाकाचं तेल चोळायचा. तो डाग माझ्या उजव्या कोपऱ्यात अजून आहे. मागचा चंद्र म्हणजे आर्डिसच्या न्हाणीघरातल्या दिव्याची काचेची हंडी.

या धंद्याची एक रीत तुम्हाला सांगते. फोटोत नायकाचं डोकं ठेवायचं नाही. हनुवटीपाशी कापायचं. लायल म्हणायचा, डोकं दिसलं की वाचणारी म्हणते हा माझा नाही. डोकं नसलं की प्रत्येक बाई आपल्या मनातलं डोकं त्यावर बसवते. आणि दुसरी रीत अशी की एकच फोटो कितीही जणींना विकायचा. ज्या फोटोत मी डावीकडे झुकलेली आहे, तो तर इतक्या पुस्तकांवर गेला की मला माझीच शिसारी आली.

पुस्तकं छापून आली की आर्डिस मला ब्रशने विंचरता विंचरता मोठ्याने वाचायची. मला शाळा नाही, पण ऐकून ऐकून मी त्या कथांत पदवी घेतली. गावात नवी आलेली पोरगी असते. तिला सगळे सांगतात, जंगलात जाऊ नकोस. ती जाते. तिथे तो गुरगुरतो, तू माझी आहेस. ती म्हणते नाही, आणि पान उलटलं की हो म्हणते. चंद्र प्रत्येक वेळी पौर्णिमेचा. चौथ-पंचमीचा चंद्र त्या लोकांना माहीतच नसावा. लग्नाशी आलं की गोष्ट संपते. आर्डिस पुस्तक मिटायची आणि म्हणायची, लग्नानंतर याचे केस सांडतात गाद्यांवर, ते कोण झाडतं, हे एकीने तरी लिहा.

ते एकीने लिहिलं. तिचं नाव व्हर्ना.

व्हर्नाने शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं होतं. तिचा नवरा हार्लन गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. डोळे मिटून जनावराच्या पाठीवर हात फिरवायचा आणि वय सांगायचा. त्याचा आवाज दोन शेतं ओलांडून ऐकू यायचा. मग त्याला विसरण्याचा आजार लागला. आधी किल्ल्या विसरला, मग रस्ता, मग बायकोचं नाव. कधी घाबरून अंगावर धावून जायचा, कधी अनवाणी बाहेर पडायचा आणि तळवे फाडून परत यायचा. लोक भेटायला येईनासे झाले. हार्लन आता हार्लन राहिला नाही, असं गावानं ठरवून टाकलं. ते व्हर्नाला सोसेना. तो अजून आत आहे, हे गावाला कळावं, आणि तो आहे तोवर कळावं, एवढीच तिची इच्छा होती. पण सांगायला गेलं की लोक मान हलवून विषय बदलायचे. म्हणून तिने गोष्ट लिहिली. गावातल्या बायका वाचतात तसली, लांडगामाणसाची.

तिच्या गोष्टीतली नायिका म्हातारी आहे. नवरा दर पौर्णिमेला लांडगा होऊन जंगलात जातो आणि परत येतो तेव्हा तिचं नाव विसरलेला असतो. ती त्याचे फाटलेले तळवे धुते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते, हे आपलं घर, हा तुझा कप, ही मी. मग तो तिच्या प्रेमात नव्याने पडतो. एखाद्या महिन्यात पडत नाही. त्या महिन्यात ती दोघांपुरतं प्रेम एकटीच करते.

मित्रांनो, इतकी वर्षं लांडगा होऊन मिरवले, पण लांडगा म्हणजे काय ते मला या बाईने सांगितलं.

पण मुखपृष्ठ घेताना तिने चूक केली. सगळ्या घेतात तसाच फोटो घ्यावा, नाहीतर बायकांना कळणार कसं की ही लांडग्याची गोष्ट आहे, असं तिला वाटलं. तिने लायलकडचा तो डावीकडे झुकलेला फोटो घेतला. पुस्तकाची एक प्रत तिने चर्चच्या तळघरातल्या खोक्यात ठेवली. गुरुवारी बायका तिथे जमतात, कॉफी पितात आणि पुस्तकं बदलून नेतात. ही पुस्तकं एकमेकींसारखी इतकी, की कुठलं वाचलंय ते ध्यानात राहत नाही. म्हणून प्रत्येकीची एक खूण ठरलेली. कुणाची चांदणी, कुणाचा मासा, कुणाची फुली. वाचून झालं की पहिल्या पानावर पेन्सिलने आपली खूण करायची.

पुढच्या गुरुवारी व्हर्नाने पुस्तक उघडलं तर पहिलं पान खुणांनी भरलेलं. तिचे डोळे भरून आले. सगळ्यांनी वाचलं होतं. तिने भीतभीत एकीला विचारलं, तळवे धुतानाचा भाग कसा वाटला? ती बाई म्हणाली, कुठले तळवे? मग दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. कुणीच वाचलेलं नव्हतं. वरचा फोटो पाहून हे आपण वाचलंय असं प्रत्येकीला वाटलं आणि प्रत्येकीने प्रामाणिकपणे खूण करून टाकली. खोटं कुणीच बोललं नव्हतं, हेच तर वाईट.

त्याच दुपारी व्हर्ना दुकानात आली. रागवायला आली असावी, पण खुर्चीत बसली ती बसलीच. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, जाऊ दे, चूल बरी होती, तिथे निदान पोरं ताट चाटून जायची.

आर्डिस भावाकडे वळली. तिने आवाज चढवला नाही. "लायल, या बाईचा स्वयंपाक जेवून तू वाढलास. आणि तिला तू गावभर उष्टावलेलं ताट वाढलंस."

लायलने मान खाली घातली. नवा फोटो काढतो म्हणाला, फक्त तिचा, दुसऱ्या कुणाला न विकायचा. रिकला बोलावू का, असं त्याने विचारलं. व्हर्ना म्हणाली, रिक कशाला? लांडगा माझ्या घरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हार्लनला घेऊन आली. उंच माणूस, अंगावर कपडे सैल झालेले. दिव्यांना तो बिचकला, उठून दाराकडे निघाला. व्हर्नाने त्याला हात धरून बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली. बूट काढून त्याचे पाय तिने आपल्या मांडीवर घेतले, कारण तसं केलं की तो शांत होतो. दुकानात गारठा होता. आर्डिसने इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि दोघांच्या गुडघ्यांवर टाकलं.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी चार गुडघे. मला गुड्रूनबाईंची घसरगाडी आठवली.

लायल सवयीने कॅमेरा खाली घेऊ लागला. व्हर्नाला ते कळलं. काय करतोस, म्हणून तिने विचारलं. त्याने रीत सांगितली, की डोकं कापलं म्हणजे प्रत्येक बाईला आपला माणूस तिथे बसवता येतो.

"दुसऱ्यांचे दुसऱ्यांनी बघावेत," व्हर्ना म्हणाली. "माझ्याकडे हा एकच आहे. त्याचं निम्मं डोकं आधीच गेलंय. उरलेलं तू कापू नकोस."

लायलने कॅमेरा वर केला.

तेवढ्यात हार्लनचा हात माझ्यावर फिरू लागला. आधी केसांवरून, मग केसांच्या विरुद्ध, मग बोटं खाली कातड्यापर्यंत गेली. त्याने डोळे मिटले. आणि कित्येक दिवसांत न बोललेला तो माणूस बाजारातल्या आवाजात बोलला. "शेळी आहे. म्हातारी. पण अस्सल."

इतकी वर्षं मला लांडगा म्हणणारे ते दोघं, आणि पहिल्याच स्पर्शात मला ओळखणारा तो, ज्याला बायकोचं नाव आठवत नव्हतं.

"हे घोंगडीबद्दल चाललंय ना?" व्हर्नाने विचारलं. "की माझ्याबद्दल?"

हार्लनने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. नाव आठवलं नसेल. पण जुनं गिऱ्हाईक ओळखावं तसा तो गालात हसला आणि तीही हसली. लायलने बोट दाबलं.

त्या मुखपृष्ठावर चंद्र नाही, उघडी छाती नाही. दोन म्हातारी माणसं आहेत, डोक्यांसकट, आणि गुडघ्यांवर मी आहे. व्हर्नाने जुन्या प्रतीवर हे नवं मुखपृष्ठ चिकटवलं आणि ती परत खोक्यात ठेवली. एक गुरुवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या गुरुवारी मासा काढणाऱ्या बाईने पुस्तक उचललं, पहिल्या पानावर आपला मासा पाहिला. मग तिने पर्समधून खोडरबर काढलं, मासा पुसला आणि पुस्तक घरी नेलं. त्या रविवारी ती बटाट्याची ऊन-ऊन भाजी भांडंभर घेऊन व्हर्नाच्या दारात उभी होती. हार्लनला घाबरत घाबरत का होईना, नमस्कार म्हणाली. पुढे चांदणीवालीही आली.

पुस्तक फार खपलं असं नाही. पण धंद्यातल्या लोकांच्या नजरेत भरलं आणि लायलला विचारणा येऊ लागली, की तशी म्हातारी जोडपी आणखी आहेत का, तोच फोटो मिळेल का. आर्डिसने सगळ्यांना नाही म्हणून कळवलं. आता कुठेतरी कुणीतरी दोन म्हातारी भाड्याने आणून बसवत असेल. बसवू दे. मी थकले आहे. सगळ्यांवर रागवायला अंगात आता तेवढे केस उरलेले नाहीत.

आर्डिसने मला व्हर्नाला देऊन टाकलं. रिकसाठी प्लास्टिकची नवी घोंगडी आणली आहे. तिच्यावरच्या चिठ्ठीवर अस्सल लांडग्यासारखी असं छापलंय म्हणे. मी आता हार्लनच्या गुडघ्यांवर असते. हिवाळा लागला तेव्हा त्याला म्हाताऱ्या आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत हलवलं, तिथे मीही आले. तो रोज माझ्यावरून हात फिरवतो. कधी शेळी म्हणतो, कधी काहीच म्हणत नाही. व्हर्ना शेजारी बसून त्याला सांगते, हा तुझा कप, ही मी.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर एखादी जुनी घोंगडी असेल. तिला वर्षातून एकदा ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि तुमच्यापैकी जे पुढे गोष्टी लिहितील, त्यांना या म्हातारीचं एक मागणं आहे. लांडगा जुना चालेल, चंद्र जुना चालेल, मी तर जुनीच आहे. पण मला कुणाच्या खांद्यावर मिरवायला टाकू नका. आधी आपल्या घरात बघा, कुणाचे गुडघे गार पडले आहेत. तिथे टाका.