ना कंपनीचा, ना बाहेरचा

निकाल आधीच सांगून टाकतो. बाबा हरले, मामाही हरला आणि गाडीत बसला तो तिसराच फिल्टर.

आता हे वाक्य मी लिहिलंच नाही असं समजू या, कारण या क्षणी दोघंही जिंकायच्या बेतात आहेत.

आमचं गॅरेज खाणीच्या रस्त्यावर आहे. गॅरेज आणि खाण यांच्या मधे एका आटलेल्या तलावाचं पात्र पसरलंय. तिथली धूळ मैद्यासारखी. गाडी गेली की उठते आणि गाडी कुठली होती हे विसरायला झालं तरी बसत नाही. तिथून जायचं तर डिझेल इंजिनाला हवेचा फिल्टर हवाच, एवढ्या एकाच मुद्द्यावर आमच्या घरात एकमत आहे. पुढे सगळा आनंद.

बाबांचं म्हणणं, कंपनीचा कागदी फिल्टर तोच खरा. मळला की फेका, नवा टाका. "इंजिन बनवणाऱ्यांना अक्कल नाही आणि माझ्या मेहुण्याला आहे, हे लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं," असं ते म्हणतात. मामाचं म्हणणं, बाहेरचा सुती फिल्टर घ्या. धुवा, वाळवा, तेल लावा, परत बसवा. "इंजिनाला मोकळा श्वास पाहिजे. दाजींना सांग, कागद नाकाला लावून पळून दाखवा."

'दाजींना सांग' अशासाठी, की फिल्टरच्या विषयावर दोघं थेट बोलत नाहीत. मला सांगतात. मी दोघांच्या मधे उभा असतो, दोघांनाही सगळं ऐकू गेलेलं असतं, तरी मी ते पुन्हा सांगतो. याला आमच्याकडे शांतता म्हणतात.

सध्याचा वाद खाणीच्या दवाखान्याच्या जीपवरून होता. ती जीप माझी ताई चालवते. नर्सही तीच, ड्रायव्हरही तीच. आत स्ट्रेचर, ऑक्सिजन, सलाइन टांगायचा आकडा. आमची गॅरेजची पिकअप आणि ही जीप एकाच कंपनीच्या. इंजिन तेच, फिल्टरचा डबाही तोच. जीप सर्व्हिसिंगला आली की बाबा मामाचा फिल्टर काढून आपला घालत, आणि बाबा जेवायला बसले की मामा बाबांचा काढून आपला.

आज बाबांनी जीपचा डबा उघडला, मामाचा फिल्टर काढून बाकावर आपटला आणि आपला नवा आणायला ते कोठीत गेले. तेवढ्यात मामा आला. बाकावर पडलेला आपला फिल्टर बघून त्याला वाटलं, आता निघालाच आहे तर ताजं तेल देऊन घेऊ. तो मागच्या अंगणात गेला.

डबा उघडा आणि रिकामा.

आमच्या भिंतीवर बाबांनी लाल रंगात एक नियम लिहिलाय: 'उघडं झाकण दिसलं की आधी लाव, मग विचार कर.' धुळीच्या जागी याहून शहाणा नियम नाही. ताई याच नियमावर वाढली. लोकांच्या घरी गेली तरी ती त्यांच्या साखरेच्या डब्याचं झाकण लावून येते.

खाणीतून फोन आला. डंपर घसरला, ड्रायव्हरचा पाय खाली अडकलाय, काढतायत. ताई धावत आली, उघडं झाकण दिसलं, खटाखट क्लिपा लावल्या, बॉनेट आपटलं आणि निघून गेली. विचार करायचा भाग राहिला.

मग कोठीच्या दारातून बाबा आले, हातात कोरा कागदी फिल्टर. अंगणाच्या दारातून मामा आला, हातात तेलाने निथळणारा सुती. दोघांनी जीपच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग एकमेकांच्या हातांकडे.

"मग आत काय आहे?" मामा म्हणाला. तो थेट बाबांशी बोलला, यावरून प्रसंग ओळखा.

"हवा," बाबा म्हणाले.

ताईचा फोन लागेना. पात्रात नेटवर्क नसतं. आम्ही तिघं पिकअपमध्ये पुढे कोंबून बसलो आणि मी गाडी पिटाळली. फिल्टरशिवाय त्या धुळीतून जाणं म्हणजे इंजिनाला पॉलिशपेपर चारणं. जाताना कदाचित निभेल. पण येताना, मागे पाय चिरडलेला माणूस असताना, पात्राच्या मधोमध जीप बसली तर? तिथे सावली नाही, माणूस नाही, सिग्नल नाही.

समोर काही दिसत नव्हतं. ताईने उडवलेली धूळ अजून हवेत होती. मी तिच्या धुळीवरूनच रस्ता काढत होतो.

"कागदीच बसवायचा," बाबा म्हणाले. "याला सांग."

"मी इथेच आहे, दाजी. तुमच्या मांडीला खेटून."

खाणीच्या फाटकाशी जीप दिसली. बॉनेट वर होतं. ताई चाकावर उभी राहून रिकाम्या डब्यात बघत होती. मागे स्ट्रेचरवर ड्रायव्हर. मांडीला पट्टा आवळलेला, चेहरा पांढराफटक.

"चढावर गाडीने दम टाकला," ताई म्हणाली. "फिल्टर खाल्ला कोणी? द्या लवकर."

बाबांनी सीटवर हात घातला आणि थांबले. कागदी फिल्टर चपाट झाला होता. रबराची कड वाकून घड्या फाटल्या होत्या. वाटभर मामा त्याच्यावर बसला होता.

"मुद्दाम नाही," मामा म्हणाला.

"माझा घे," म्हणून त्याने आपला पुढे केला. त्यातून तेल ठिबकत होतं.

"हे तेल सरळ हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाईल," ताई म्हणाली. "गाडी मधेच गुदमरेल. वाळायला किती वेळ?"

"एक झोप काढून—"

"ताई," स्ट्रेचरवरून ड्रायव्हर म्हणाला, "पाय थंड पडतोय."

बाबा वाकलेली कड सरळ करायला लागले, मामा फिल्टर झटकायला लागला. मी पहिल्यांदाच पाहिलं, की दोघांचे हात एकसारखे चालतात.

ताईने आमच्या पिकअपकडे बघितलं.

"त्यात काय आहे?"

पिकअपवर कधी वाद झालाच नव्हता, म्हणून तिचा डबा कधी कुणी उघडलाच नव्हता. ताईने उघडला. आत फिल्टर होता. इतका मळलेला, की कागद की कापूस, कंपनी की बाहेरचा, काही कळेना. ताईने तो टायरवर हलकेच दोनदा ठोकला.

"माझाच आहे," दोघं एकदम म्हणाले.

"मळका चालेल, नसलेला चालणार नाही," म्हणत तिने तो बसवला, झाकण लावलं आणि गेली. आम्ही फाटकावर उभे राहून धुळीचा लोट लहान होताना बघत होतो. लोट मधोमध एकदा थांबल्यासारखा वाटला. मामाने बाबांचा दंड धरला. मग लोट पुढे सरकला.

ऊन उतरल्यावर खाणीच्या वायरलेसवर निरोप आला: पोचलो, पाय राहील, गाडीही राहील.

"माझा फिल्टर," बाबा म्हणाले.

"तिला म्हणावं धुऊन बघ, आत कापूस निघेल," मामा म्हणाला.

मी वायरलेसवर विचारलं. ताई म्हणाली, तो मी हॉस्पिटलच्या कचऱ्यात टाकला.

सध्या आम्ही तिघं खाणीच्या फाटकावर आहोत. पिकअपचा डबा रिकामा आहे. चपटा बाबांकडे, ओला मामाकडे. आणि दुसऱ्याचा बसवून घरी जायला कुणीच तयार नाही. सबब, माननीय खाण व्यवस्थापक यांना नम्र विनंती, की आमच्या कुटुंबाचा अंतिम निर्णय होईपर्यंत पात्रातील सर्व धुळीने जमिनीवरच थांबावे, असा लेखी आदेश धुळीच्या नावे तातडीने काढण्यात यावा.